कीटकांची क्षेत्रभेट: बस नको, रुईचं झुडूप, हापसा आणि झाडाखालची सावली पुरे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लातूर जिल्ह्यातली जिल्हा परिषदेची शाळा, तिसरी-चौथीची मिळून ३४ मुलं, शिक्षक दोन. परिसर अभ्यासात प्राण्यांचा जीवनक्रम शिकवून झाला आहे आणि आता कीटक व त्यांचे अधिवास मुलांना प्रत्यक्ष दाखवायचे आहेत. येडशीच्या अभयारण्यात न्यावं की जवळच कुठे, कोणत्या महिन्यात न्यावं, सोबत काय घ्यावं आणि कुणाला काही चावलं-डसलं तर काय करावं?

आधी जागेचं बोलू. येडशी सुंदर आहे, पण या कामासाठी तिथे नेऊ नका. वनखात्याची परवानगी, बसचं भाडं, जाण्या-येण्याचे तास, गाडी लागलेली मुलं, हे सगळं सांभाळून किडे बघायला जेमतेम तासभर हाती लागतो. अभयारण्यात बरणीत घेऊन बघायचीही मुभा नसते. शिवाय तिथे बघितलेली जागा मुलांना पुन्हा बघायला मिळत नाही, आणि अधिवास एका भेटीत कळत नाही. ‘हा किडा इथंच का, पलीकडच्या झाडावर का नाही’ हा प्रश्न मुलाला पडला की अधिवास शिकवून झाला. त्यासाठी मुलाला एका जागी वीस मिनिटं बसावं लागतं आणि आठ-पंधरा दिवसांनी तीच जागा परत बघावी लागते. म्हणून शाळेपासून चालत पंधरा मिनिटांच्या आतल्या तीन जागा निवडा: बांधावरचं रुईचं झुडूप, हापशाजवळची ओल आणि मोठ्या झाडाखालची पालापाचोळ्याची सावली. प्रत्येक जागी वीस मिनिटं, मधलं चालणं आणि हजेरी धरून दीड तास. चौथी जागा घातलीत की मुलं फक्त चालतात, बघत काहीच नाहीत. बहुतेक क्षेत्रभेटी इथंच फसतात.

महिना. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा मृगाचे लाल मखमली किडे दिसतात, पण पावसाचा भरवसा नसतो आणि बांध अजून उघडे असतात. फेब्रुवारीनंतर आपल्याकडे सगळं वाळतं. पोळा ते दसरा हा काळ सगळ्यात चांगला. तरवड-टाकळ्याला फुलं असतात, रुईला कोवळी पानं असतात, गवत वाढलेलं असतं. दसऱ्याच्या पुढे ढकलू नका, आणि त्याचं कारण किड्यांशी संबंधित नाही: ऊसतोडीची कुटुंबं दसऱ्या-दिवाळीनंतर कारखान्याकडे निघतात आणि वर्गातली काही मुलं त्यांच्यासोबत जातात. रानात वाढलेल्या या मुलांना किडे सगळ्यात जास्त ठाऊक असतात. त्यांच्याशिवाय ही भेट काढणं हा त्यांच्यावरही अन्याय आणि वर्गाचंही नुकसान.

वार शनिवार, सकाळची शाळा. साडेआठला निघा, पावणेनऊ ते सव्वादहा रानात. किड्यांचं अंग उन्हाने तापतं तेव्हाच ते चपळ होतात. पावणेनऊला फुलपाखरं आणि चतुर अजून पंख पसरून ऊन खात बसलेले असतात, त्यामुळे हातभर अंतरावरून बघता येतात. साडेसातला नेलंत तर सगळं दवाने ओलं आणि निपचित. अकराच्या पुढे किडे सावलीत जातात आणि मुलंही कंटाळतात. रात्री जोराचा पाऊस झाला असेल तर त्या दिवशी जाऊच नका. काळी माती चपलेखाली थापीने चिकटते, मुलं घसरतात आणि बघायला काही मिळत नाही. उघडीप मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी जा.

आदल्या दिवशी त्याच वेळेला दोघांपैकी एका शिक्षकाने तिन्ही जागा चालून बघायच्याच. यात काटकसर नको. झाडांच्या फांद्या, पाण्याची टाकी, देवळाचा कळस, जुन्या वाड्याच्या कमानी वर मान करून बघा. आग्या मोहोळ दिसलं तर जागा बदला. किमान शंभर मीटर लांब राहा आणि मोहोळाच्या खालून जाणारी वाटही टाळा. गांधीलमाश्यांची पोळी बहुधा झुडपात, कंबरेच्या उंचीला, पानाआड असतात, म्हणून ज्या झुडपाशी मुलं बसणार आहेत त्याला सगळ्या बाजूंनी फेरी मारा. शेजारच्या शेतात फवारणी कधी झाली हे मालकाला विचारा. सोयाबीन आणि कपाशीवर या दिवसांत फवारे चालू असतात. फवारलेल्या पिकात मुलांना आठ-पंधरा दिवस तरी नेऊ नये, आणि नक्की माहिती मिळाली नाही तर पिकात शिरायचंच नाही, बांधावरूनच बघायचं. बांधावर पडलेल्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या आदल्या दिवशीच मोठ्यांनी हातमोजे घालून उचलाव्यात, कारण मुलं त्यांची झाकणं उघडून बघतात.

रुईचं झुडूप

आपल्याकडे कुणी रुई म्हणतं, कुणी रुचकी. रस्त्याच्या कडेला, पडीक जागेत, स्मशानाजवळ, कुठेही उगवते. अधिवास समजवायला हिच्याइतकं सोपं झाड मराठवाड्यात दुसरं नाही. गावातल्या मारुतीजवळचं झुडूप घेऊ नका. शनिवारी माळेसाठी त्याची पानं तुटतात आणि पानांबरोबर अंडीही जातात. थोडं लांबचं, कंबरेएवढं, कोवळ्या पानांचं झुडूप बघा.

नारिंगी पंखांचं, पुढच्या पंखाच्या टोकाला काळ्यावर पांढरे ठिपके असलेलं एक फुलपाखरू रुईभोवती खालून, संथ घिरट्या घालतं. हा प्लेन टायगर, मराठीत बिबळ्या कडवा. तो पानाच्या कडेला टेकला आणि पोट वळवून पानाच्या खालच्या बाजूला लावलं तर समजा ती मादी आहे आणि अंडं घालते आहे. ती उडाली की मोठ्या माणसाने तेच पान काडीने हळूच उलटं करावं. मिलिमीटरभराचं, दुधी रंगाचं, उभ्या रेघांचं एकच अंडं दिसेल. भिंगातून त्या रेघा मोजता येतात. शेजारच्या पानांवर गोल भोकं असतील तर अळी शोधा: काळे, पांढरे, पिवळे आडवे पट्टे आणि पाठीवर काळ्या मऊ तंतूंच्या तीन जोड्या, पुढे एक, मध्ये एक, मागे एक. हवा उबदार असली की अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण तीन ते चार आठवडे लागतात, त्यामुळे एकाच झुडपावर अंडं, लहान अळी, मोठी अळी आणि कोष एकाच वेळी मिळण्याची शक्यता बरीच असते. पुस्तकातलं चक्र एका झाडावर.

आता मुलांना विचारा: शेळी सगळं खाते, मग रुई का सोडते? चीक कडू आणि विषारी आहे हे त्यांना ठाऊक असतं. अळी तोच चीक पचवून विष स्वतःच्या अंगात साठवते आणि ते फुलपाखरातही उतरतं. पक्ष्याने एकदा चोच मारली की तो पुन्हा त्या रंगाच्या वाटेला सहसा जात नाही. म्हणूनच हे फुलपाखरू इतकं भडक आणि इतकं संथ. लपायची गरज नाही. रुईचा टोळही तसाच, पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा. त्याच्या पिल्लाला दाबलं तर ते द्रवाची पिचकारी मारतं, म्हणून हात नको.

कोवळ्या शेंड्यावर पिवळा मावा हमखास असतो. तिथे मुंग्या दिसल्या तर मुलांना पाच मिनिटं तिथंच थांबवा. मावा रस शोषतो आणि गोड थेंब टाकतो, मुंगी तो पिते आणि मावा खायला आलेल्या ढालकिड्याला हाकलते. ढालकिड्याची अळी मोठ्या ढालकिड्यासारखी अजिबात दिसत नाही. ती लांबट, काळपट, केशरी ठिपक्यांची असते, आणि मुलं तिला वेगळाच किडा समजतात. फुलांवर मोठा काळा, निळसर चमकणाऱ्या पंखांचा भुंगा येतो. तो रुईचे पराग वाहतो आणि वाळक्या लाकडात घर पोखरतो. ‘याचं जेवण रुईवर, घर कुठं?’ हा प्रश्न इथे विचारा. अधिवास म्हणजे एक झाड नव्हे, हे सांगायला वेगळं वाक्य लागत नाही.

रुईचा चीक मात्र सगळ्यात गांभीर्याने घ्या. तो डोळ्यात गेला तर बुबुळाला सूज येते. डोळा फारसा दुखत नाही, नुसतं धूसर दिसायला लागतं, त्यामुळे मूल सांगत नाही आणि घरी गेल्यावर कळतं. नियम एकच ठेवा: रुईजवळ प्रत्येकाचे हात पाठीमागे, पान उलटायचं काम मोठ्यांचं, तेही काडीने. चीक हाताला लागला तर लगेच साबणाने धुवा. डोळ्यात गेल्याची शंका जरी आली तरी स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटं डोळा धुऊन त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरांकडे न्या.

हापसा, आणि शेततळं का नको

पाण्यातले किडे दाखवायला शेततळ्यावर कुणी सुचवलं तर ठाम नाही म्हणा. प्लॅस्टिक अंथरलेल्या तळ्याचा उतार ओला झाला की मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. तळ्याच्या काठाजवळ मुलांना उभंसुद्धा करू नका. त्यापेक्षा हापशाच्या सांडपाण्याचं डबकं आणि जनावरांचा हौद घ्या. चहाची गाळणी हातभर काठीला बांधा, पांढऱ्या डब्यात बोटभर पाणी घ्या आणि गाळणीत आलेलं त्यात ओता. डासाच्या अळ्या श्वास घ्यायला शेपटीकडून पृष्ठभागाला लटकतात. डबा हलकेच हलवला की खाली जातात, मिनिटभरात वर येतात. पाणी साचू देऊ नका असं का सांगतात, ते मुलांना इथंच समजतं. चतुर आणि त्याच्यासारखाच पण बारीक अंगाचा टाचणी नावाचा किडा, यांतला फरकही इथेच दाखवा: बसल्यावर चतुर पंख आडवे पसरून ठेवतो, टाचणी बहुधा मिटून पाठीवर घेते. दोघांची पिल्लं पाण्यातच वाढतात.

डबक्याच्या काठच्या चिखलावर सडपातळ कमरेची एक माशी येऊन मातीची गोळी करून उडते. ती कुंभारीण. ती ज्या दिशेने जाते तिकडे बघा. बहुतेक वेळा शाळेच्याच खिडकीच्या वर, फळ्याच्या मागे, दाराच्या चौकटीत तिचं मातीचं घरटं असतं. आत ती डंख मारून सुन्न केलेल्या जिवंत अळ्या भरून ठेवते, पिल्लांसाठी. रिकामं, भोक पडलेलं जुनं घरटं मिळालं तर वर्गात फोडून दाखवा, भरलेलं तसंच राहू द्या.

झाडाखाली, एक मीटरच्या चौकोनात

ही जागा सर्वांत शांत आणि शिकवायला सर्वांत अवघड, कारण सुरुवातीला काहीच दिसत नाही. साडेचार मीटर सुतळी घ्या, एकेक मीटरवर गाठ मारा, दोन टोकं बांधा. चार काड्यांवर ताणली की एक मीटरचा चौकोन झाला. एक चौकोन उघड्यावर उन्हात, दुसरा झाडाखाली. गटातली मुलं चारी बाजूंना उकिडवी बसवा आणि दहा मिनिटं न बोलता, न हलता बघायला सांगा. पहिल्या तीन मिनिटांत मुलं ‘सर, इथं काहीच नाही’ म्हणतात. तेव्हा शिक्षकाने बोट दाखवू नये. पाचव्या मिनिटाला मुंग्यांची वाट दिसते, मग पानाखालचा रातकिडा, मग कोळी. नंतर दोन्ही चौकोनांतली मुलं जागा बदलतात. उन्हातल्या चौकोनात काय होतं जे सावलीत नव्हतं, इतकंच विचारा आणि हात लावून माती बघायला सांगा: गार की गरम, ओली की कोरडी.

चौकोनाशेजारी शेणाचा पो मिळाला तर फारच छान, पण तो एक दिवसाचा हवा. ताज्यावर नुसत्या माश्या असतात, आठवड्याचा झाला की दगड होतो. तो मोठ्या माणसानेच काठीने उलटावा, कारण खाली गोम किंवा विंचू असू शकतो. शेणकिडे आणि त्यांनी जमिनीत पाडलेली भोकं दिसतील. शेण खाली कोण नेतं आणि पिकाला खत कसं मिळतं, हे शेतकऱ्याच्या पोरांना समजावावं लागत नाही.

वाळवीसाठी वारूळ फोडू नका. सोडलेल्या वारुळात साप असतो, आणि नागपंचमीला ज्याची पूजा होते ते फोडलेलं गावालाही आवडत नाही. कडुनिंबाच्या किंवा बाभळीच्या खोडावर वाळवीने लिंपलेली मातीची वाट असते, तिचा दोन बोटं तुकडा काडीने काढा. आतल्या पांढुरक्या वाळव्या दिसतील. परतताना तीच जागा बघा, डागडुजी सुरू झालेली असते. वाळवी मुंगीच्या जातीची नाही, झुरळाच्या जवळची आहे, हे सांगितल्यावर मुलं विश्वास ठेवत नाहीत. मुंगीची बारीक कंबर आणि वाळवीचं सरळ अंग शेजारी काढायला लावा.

फांदीवरचे किडे बघायचे तर पांढरा पंचा फांदीखाली चौघांनी ताणून धरायचा आणि फांदीवर काठीने पाच-सहा वेळा टकटक करायची. कडुनिंब किंवा तरवड घ्या, बाभूळ-बोर नको, काटा डोळ्याला लागतो. त्या फांदीत गांधीलमाशीचं पोळं नाही ना, हे पुन्हा एकदा बघितल्याशिवाय काठी लावू नका. बुजगावण्यासारखी हात पसरून मुलं पंच्याभोवती उभी राहतात आणि पडलेले किडे पळून जातात, म्हणून पंचा लगेच जमिनीवर ठेवून सगळ्यांना बसवा.

पाय मोजताना होणारे घोटाळे

‘सहा पाय म्हणजे कीटक’ हे वर्गात पाठ झालेलं असतं आणि रानात पहिल्या दहा मिनिटांत मोडतं. अळीला मुलं दहा-सोळा पाय मोजतात आणि ‘हा कीटक नाही’ असं लिहितात. डोक्यामागच्या तीन वळ्यांवरचे टोकदार, सांधे असलेले सहा पाय खरे, मागचे मांसल गोळे नुसते पकडीसाठी, हे भिंगातून दाखवा. बिबळ्या कडव्याला उलट चारच पाय दिसतात. त्याच्या कुळात पुढची जोडी आखूड होऊन छातीशी चिकटलेली असते. हुशार मूल हे हमखास पकडतं आणि शिक्षक ‘नीट मोज’ म्हणतात. त्या मुलाचं मोजणं बरोबर असतं. कोळी, विंचू आणि मृगाचा किडा आठ पायांचे, म्हणजे मृगाचा किडा किडा म्हणवला तरी कीटक नव्हे. गोमेला प्रत्येक वळीवर पायांची एक जोडी, हात लावल्यावर गोल गुंडाळी करणाऱ्या पैशाला बहुतेक वळ्यांवर दोन.

नावांच्या मागे लागू नका. नोंदीच्या कागदावर नावाचा रकानाच ठेवू नका. वेळ, ऊन की सावली, ओल की कोरडं, कोणत्या झाडावर, झाडाच्या कोणत्या भागावर, काय करत होता, पाय किती, आणि चित्र. एवढंच. नाव सांगितलं की मुलाचं बघणं थांबतं. मुलं स्वतःहून घरातली, तांड्यावरची नावं सांगतील तर ती जशीच्या तशी लिहून घ्या. एखादं मूल ‘राज्य फुलपाखरू दाखवा’ म्हणेल. २०१५ मध्ये महाराष्ट्राने ब्लू मॉर्मन हे राज्य फुलपाखरू ठरवलं, पण त्याला दमट झाडी लागते. आपल्या उघड्या माळावर त्याची आशा देऊ नका. ‘ते इथं का नसेल?’ हा प्रश्न मात्र द्या.

पिकातलं एखादं उदाहरण हवंच असेल तर बांधालगतचं सोयाबीन पुरे. एखादी फांदी वरून सुकलेली दिसली तर खाली बोटभर अंतराने खोडावर दोन गोल चक्रं कापलेली असतात, चक्री भुंग्याने अंडं घालण्यासाठी. गावच्या कृषी सहायकांना सोबत बोलवा. अशा गोष्टी त्यांच्या रोजच्या असतात आणि मुलांना शाळेबाहेरचं माणूस शिकवताना दिसतं.

माणसं आणि सामान

३४ मुलांचे सहा गट करा, प्रत्येक गटामागे एक मोठं माणूस. दोन शिक्षक, शाळा व्यवस्थापन समितीतले दोन पालक, आशाताई आणि कृषी सहायक अशी सहा माणसं सहज जमतात. एका जागी एका वेळी दोनच गट. संमतीपत्रात दोन प्रश्न जरूर घाला: मुलाला दमा आहे का, आणि मधमाशी-गांधीलमाशी चावल्यावर पूर्वी अंगावर गांधी उठल्या होत्या किंवा चेहरा सुजला होता का. ज्याचं उत्तर हो आहे, त्याच्या पालकांशी बोला आणि ते मूल तुमच्या स्वतःच्या गटात ठेवा.

सामानात दर गटाला एक सुतळीचा चौकोन, एक भिंग, दोन पारदर्शक बरण्या, एक बारीक रंगाचा ब्रश, परीक्षेचं पॅड आणि पेन्सिली. पेन नको, ओल्या कागदावर शाई पसरते. किडा बोटाने न उचलता ब्रशने बरणीत ढकलायचा, पाच मिनिटं बघायचा आणि ज्या पानावरून घेतला त्याच पानावर सोडायचा. बरणी उन्हात ठेवली तर आतला किडा काही मिनिटांत मरतो, झाकणाला भोकं असली तरी. म्हणून बरणी कायम स्वतःच्या सावलीत. भिंगातून सूर्याकडे बघायचं नाही, हे निघण्याआधी दोनदा सांगा. फुलपाखराची जाळी नेऊच नका. एक जाळी दिसली की तीस मुलं पळतात आणि पंखही फाटतात.

पाण्याची बाटली प्रत्येकाकडे, शिवाय एक वीस लिटरचा जार, साबण, ओआरएस, चिमटा, चिकटपट्टी, स्वच्छ फडकं, आणि आरोग्य केंद्राचा नंबर. पूर्ण पँट आणि बंद बूट असावेत. ज्यांच्याकडे फक्त चपला आहेत त्यांना ओळखता येईल असं वेगळं करू नका, सगळ्यांनीच वाटेवरून चालायचं आणि उंच गवतात कुणीच शिरायचं नाही. गजरा, अत्तर, वासाचं तेल नको, मधमाश्या वासाने येतात.

चावलं, डसलं तर

एक मधमाशी चावली तर काटा ताबडतोब काढा. नखाने खरवडून की चिमट्याने, याने फरक पडत नाही, उशीर केल्याने पडतो. मग साबण-पाणी आणि गार फडकं. ओठ-चेहरा सुजला, अंगभर गांधी उठल्या, श्वासाची घरघर किंवा उलटी सुरू झाली, तर वाट न बघता १०८ आणि जवळचं आरोग्य केंद्र. मोहोळ उठलंच तर हात झटकायचे नाहीत, झोपायचं नाही, पाण्यात उडी मारायची नाही. दप्तराने किंवा ओढणीने तोंड झाकून सरळ पळत बंद खोलीत जायचं. ती खोली कोणती, हे आदल्या दिवशीच ठरलेलं असावं.

विंचू चावला तर मूल रडतं आहे की नाही यावर गांभीर्य ठरवू नका. लाल विंचवाचं विष लहान मुलांच्या हृदयावर परिणाम करतं. घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय दिसण्याआधीच दवाखाना गाठायचा. प्राझोसिन या औषधाने हे मृत्यू टळतात, हे महाडला रुग्णांवर उपचार करताना डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिलं, आणि ते मूळचे आपल्या जालना जिल्ह्यातले. साप चावल्याची शंका आली तर बांधू नका, कापू नका, चोखू नका, मुलाला चालवू नका. आडवं ठेवून रुग्णालय.

सुरवंटाचे केस टोचले तर चोळायचं नाही, चिकटपट्टी लावून ओढायची, मग धुवायचं. आणि या दिवसांत भेंडी, तूर, वालाच्या फुलांवर काळे, अंगावर नारिंगी पट्ट्यांचे भुंगे दिसतात, ते ब्लिस्टर बीटल. त्यांच्या सांध्यांतून येणाऱ्या पिवळसर द्रवाने काही तासांनी फोड येतात. दिसायला सुंदर म्हणून मुलं नेमके हेच हातात घेतात. निघण्याआधी फळ्यावर रंगीत खडूने याचं चित्र काढून दाखवा.

परतल्यावर

हात धुणं, हजेरी, डबा. नोंदी त्याच दिवशी एका मोठ्या कागदावर घ्या: मधे गावाचा नकाशा, हापसा, बांध, झाड, आणि मुलांनी आपापली चित्रं त्या त्या जागी चिकटवायची. पंधरा दिवसांनी मधल्या सुट्टीत दोन-दोन मुलं त्याच रुईपाशी मोठ्या माणसासोबत जाऊन येतात आणि बदल नकाशावर लिहितात.

एक अळी वर्गात वाढवायची असेल तर एकच घ्या. एक-दोन लिटरची रुंद तोंडाची बरणी, तळाला कागद, तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा. रोज ताजं पान शिक्षकांनीच आणायचं, फवारणीपासून लांबच्या झुडपाचं, आणि कागद रोज बदलायचा. लेंड्या साचल्या की ओल धरते, बुरशी येते आणि अळी मरते. आत एक काडी तिरपी ठेवा. कोष तिथे लटकला तर खाली किमान चार बोटं जागा हवी, नाहीतर बाहेर आल्यावर पंख चुरगळलेले राहतात आणि फुलपाखरू कधीच उडत नाही. बहुधा सकाळी ते बाहेर येतं, पंख वाळायला तासभर-दोन तास लागतात, तोवर बरणी हलवायची नाही. कधी कधी अळीतून किंवा कोषातून फुलपाखराऐवजी माशी निघते. तिच्या आईने आपली अंडी अळीवर घातलेली असतात आणि त्यांतून निघालेली पिल्लं अळीला आतून खाऊन वाढतात. मुलं हिरमुसतील, तरी तो कोष टाकून देऊ नका आणि त्यांच्यापासून लपवूही नका. माशी बरणीत दाखवा, तिचे पाय मोजू द्या, आणि ती जिथं अळी सापडली होती त्याच रुईवर नेऊन सोडा.